आकाश निरभ्र, वारा मंद

जगात एखादी गोष्ट घडली म्हणून ती खरी होत नाही. तिची नोंद झाली म्हणजे ती खरी होते. जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात सव्वीस वर्षं काढल्यावर हे मी अधिकाराने सांगू शकतो. आमच्या खिडकीसमोर माणसं स्वतः उभी राहून आपण हयात असल्याचा दाखला मागतात, आणि कागद अपुरे असतील तर आम्ही त्यांना सौजन्याने परत पाठवतो. (सौजन्य सप्ताहात पाणीही विचारतो.) त्यामुळे भावजींच्या हवामानाचं प्रकरण उभं राहिलं तेव्हा ते सगळ्यांत आधी मला समजलं, आणि पटलंही.

भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं ते घरोघरी मीटरचं रीडिंग घेत असत. निवृत्तीनंतर माणसं बागेत रमतात, अध्यात्माला लागतात किंवा शेजाऱ्यांच्या वाटेला जातात. भावजींनी विमान उडवायला घेतलं. मागच्या खोलीत संगणक, त्यात विमान चालवण्याचा खेळ, टेबलाच्या कडेला पकडीने आवळलेलं सुकाणू, आणि स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून खिडकीला दुहेरी पडदा. हा पडदा गेल्या दोन वर्षांत फक्त धुण्यासाठी निघालेला आहे.

याला कारण होतं. त्यांची एकुलती एक मुलगी चिमी खरोखरीची वैमानिक आहे. (सत्तर माणसांचा जीव जिच्या हाती असतो तिला घरात चिमीच म्हणतात, त्याला इलाज नाही.) ती राहते दूरच्या शहरात. दर गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिचं विमान आमच्या गावाला उतरतं आणि अर्ध्या तासात परत जातं. तेवढ्यात घरी येणं जमत नाही. म्हणून भावजी त्याच वेळी, त्याच मार्गाने, त्याच उंचीवरून मागच्या खोलीत उडतात, तिच्याबरोबर उतरतात आणि "उतरलो" अशी हाक देतात. ताई चहाचं आधण ठेवते. मग फोनवर चिमीचा अंगठा येतो. भावजी उलट अंगठा पाठवतात. बापलेकीचं नातं इतक्या काटकसरीने चालवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

उड्डाण खोटं असलं तरी हवा खरी हवी, यावर भावजी ठाम होते. त्यासाठी त्यांनी 'थेट हवा' नावाचं ॲड-ऑन घेतलं होतं. ते दर अर्ध्या तासाला ठिकठिकाणच्या केंद्रांतून प्रत्यक्षातलं हवामान आणून खेळात ओततं. चिमीला पाऊस लागला की भावजींनाही लागे. चिमीला धुकं, तर भावजी चष्मा पुसत. ताई दोरीवरचे कपडे आत घ्यायचे की नाही, हेही मागच्या खोलीत विचारूनच ठरवी.

तीन आठवड्यांपूर्वी कपडे भिजले. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजले. 'थेट हवा' मात्र आमच्या गावाबद्दल एकच गोष्ट सांगत राहिली: आकाश निरभ्र, वारा मंद. ताईने ओली चादर भावजींच्या समोर धरली तेव्हा त्यांनी चादरीकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, आणि लेखी तक्रार केली.

'थेट हवा'चा मदत कक्ष हा कार्यपद्धतीचा आदर्श नमुना आहे. मी आमच्या साहेबांना तो दाखवणार आहे. भावजींकडून त्यांनी क्रमाने पुढील गोष्टी करून घेतल्या:

१. संगणक बंद करून पुन्हा चालू करणे. (केला. हवामान बदललं नाही. बाहेरचंही नाही.)

२. ॲड-ऑन काढून पुन्हा टाकणे.

३. साठलेली जुनी माहिती पुसणे. (यात ताईचे विणकामाचे चौदा नमुने पुसले गेले. ते प्रकरण वेगळं असून अद्याप मिटलेलं नाही.)

४. संगणकाचं घड्याळ बरोबर आहे याची खात्री करणे. भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवलं असता भिंतीवरचं चुकीचं निघालं.

५. आपण राहता ते गाव नक्की तेच आहे का, हे तपासणे.

६. क्रमांक एकपासून पुन्हा.

सातवी पायरी पुराव्याची होती. ताईने गॅलरीतून मुसळधार पावसाचा फोटो काढून दिला. तो अमान्य झाला, कारण फोटोतला पाऊस कोणत्याही नोंदणीकृत केंद्राचा नव्हता. मी ताईला समजावलं की यात त्यांचं काही चुकलेलं नाही. ती म्हणाली, "तू आधी ते ओलं डोकं पूस."

एकवीस दिवसांत मदत कक्षाकडून सेहेचाळीस ईमेल आले. त्यांपैकी एकतिसांत 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' एवढंच होतं. नऊ ईमेल आधीच्या ईमेलबद्दल आपण समाधानी आहात का, असं विचारत होते. उरलेल्या सहांत माहिती होती, पण ती दुसऱ्याच्या तक्रारीची.

मग तो गुरुवार उजाडला. मी सुट्टी काढून ताईकडे गेलो होतो. दुपारी तीनपासून आभाळ असं फाटलं की समोरच्या दुकानाचा पत्रा उडून ताईच्या अंगणात आला. मागच्या खोलीत भावजी स्वच्छ उन्हातून अलगद खाली आले आणि चार वाजून दहा मिनिटांनी म्हणाले, "उतरलो."

ताईने आधण ठेवलं. अंगठा आला नाही.

साडेचार झाले. आधण आटलं. ताई म्हणाली, "अहो, फोन करा ना तिला."

"कशाला? उतरली ती. मी होतो ना बरोबर."

"बाहेर काय चाललंय बघताय का तुम्ही?"

"बाहेरचं अजून तपासात आहे," भावजी म्हणाले. पण त्यांचा हात फोनकडे गेला. चिमी फोन उचलेना. पाच वेळा लावला. विमानतळाचा तर कोणी उचलेचना. भावजींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि मलाही प्रथमच या प्रकरणात मजा वाटेनाशी झाली. त्यांनी मदत कक्षाला आणखी एक ईमेल लिहिला. त्यात तक्रार क्रमांक नव्हता, पायऱ्या नव्हत्या. एवढंच होतं: 'कृपा करून खरं सांगा. माझी मुलगी वर आहे.'

चार मिनिटांत उत्तर आलं, आणि ते माणसाने लिहिलेलं होतं. आमच्या विमानतळाजवळच्या केंद्राचं यंत्र तीन आठवड्यांपूर्वी बंद पडलं होतं. तेव्हापासून गावाचं हवामान नोंदणीकृत स्वयंसेवक निरीक्षकाकडून घेतलं जात होतं. हे निरीक्षक अत्यंत विश्वासू असून अचूकता शंभर टक्के आहे, तरी कृपया त्यांनाच विचारावं. खाली फोन नंबर दिला होता. (असा नंबर देण्याचा नियम नसणार. पण माणुसकी अधूनमधून नियमातून निसटते.)

भावजींनी नंबर लावला. व्यस्त लागला. पुन्हा लावला. पुन्हा व्यस्त.

"इथे लेकीचा पत्ता नाही आणि हा गृहस्थ गप्पा मारतोय," भावजी कडाडले.

ताईने मान पुढे करून स्क्रीनवरचा ईमेल पाहिला. "अहो, हा तुमचाच नंबर आहे."

स्वतःचा नंबर कोणी पाठ करत नाही, यात भावजींचा दोष नाही. दोन वर्षांपूर्वी ते हौसेने स्वयंसेवक निरीक्षक झाले होते. दिवसातून तीनदा एक तक्ता समोर येई: आकाश कसं आहे, वारा कसा आहे. खिडकी पडद्यामागे. मग भावजी स्क्रीनवर पाहून भरत. त्यांच्या खात्यात तशी रीतच होती; घराला कुलूप असलं तर मागचं रीडिंग पुढे लिहायचं, आणि एकतीस वर्षांत त्यावरून गावाचं पाणी कधी अडलं नव्हतं. यंत्र बंद पडल्यावर भावजी 'थेट हवा' पाहून नोंद करत आणि 'थेट हवा' भावजींची नोंद पाहून आकाश रंगवी. दोघांत एकदाही मतभेद झाला नाही. शंभर टक्के अचूकता ती हीच. तिचं प्रमाणपत्र भावजींनी सुकाणूच्या वर लावलेलं होतं.

ते प्रमाणपत्राकडे बघत बसले असतानाच ताईचा फोन वाजला. चिमी होती; ताईने स्पीकर लावला. आवाज झोपेतला.

"आई, एवढे फोन का केलेत? गोळी घेऊन झोपले होते."

"झोपले होते म्हणजे? विमान कोण चालवत होतं?"

"ते आज निघालंच नाही. आणि मी पाच आठवडे उडत नाहीये, आई. कानाला सूज आहे, डॉक्टरांनी घरी बसवलंय. बाबांना काळजी नको म्हणून दर गुरुवारी चार-दहाला अंगठा पाठवत होते. आज तेवढा राहिला."

भावजींनी फोन हातात घेतला. पाच गुरुवार ते कोणाच्या शेजारून उडत होते, हे विचारावं असं त्यांना वाटलं असेल. पण ते म्हणाले, "जेवलीस का?" आणि त्यांचे डोळे भरून आले. ताईचेही आले. मी गॅसकडे लक्ष दिलं.

तक्रार रीतसर निकाली निघाली. भावजींनी निरीक्षकपदाचा राजीनामा दिला असून ते आता रोज सकाळी चिमीला फोन करतात. फोन सरासरी अकरा मिनिटं चालतो, त्यांतली नऊ कानाबद्दल असतात. चिमी वैतागली आहे, म्हणजे सुधारणा आहे.

वाचकांनी भावजींना हसायला माझी हरकत नाही, मीही हसलो. फक्त हसून झाल्यावर आमच्या कार्यालयासाठी एक किरकोळ माहिती भरून द्यावी. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी यांपैकी जे आपल्याजवळ राहत नाहीत, त्यांची प्रकृती कशी आहे? 'बरी आहे' असं आपण लिहालच; त्यासाठी जागा कमी ठेवली आहे. त्याशेजारचा रकाना मात्र रिकामा सोडू नये: ही माहिती कोणत्या तारखेची?