पोस्टमनचा गुडघा, वेगक्रमानुसार

माणसाला दोन गुडघे असतात आणि ते आहेत हे त्याला सहसा जाणवत नाही, यावरच समाजाचं स्थैर्य टिकून आहे. ज्या दिवशी जाणवतं, त्या दिवसापासून तो दुसऱ्या कशाबद्दल बोलत नाही.

माझ्या धाकट्या भावाला ते त्रेचाळिसाव्या वर्षी जाणवलं. तो पोस्टमन आहे. एकोणीस वर्षं खांद्याला पिशवी लावून त्याने एक चढण आणि लिफ्ट नसलेल्या सतरा इमारती रोज पायाखाली घातल्या. गुडघ्याने हूं की चूं केलं नाही. मग कुणीतरी त्याला सांगितलं की चालण्याने खरा व्यायाम होत नाही. पटण्यासारखंच होतं. रोज चौदा किलोमीटर चालणाऱ्या माणसाने तब्येतीकडे थोडं लक्ष द्यायलाच हवं. तो मॅरेथॉनच्या तयारीसाठी आमच्या भागातल्या धावक मंडळात दाखल झाला.

मंडळाचा कारभार चोख आहे. सभासद बेचाळीस, गुडघे चौऱ्याऐंशी, त्यांपैकी दुखरे एकाहत्तर. (एका सभासदाने तिसरा गुडघा नोंदवला आहे, चौकशी चालू आहे.) न दुखणाऱ्या गुडघ्यांच्या मालकांकडे जरा संशयाने पाहिलं जातं, ते मन लावून धावत नसावेत. मंडळात कुणाला नावाने हाक मारत नाहीत. मॅरेथॉनला लागलेली वेळ हीच ओळख. साडेतीन तासांत धावणारे ते साडेतीनसाहेब. त्यांच्यामागे सव्वाचार, पावणेपाच, आणि सहा तास दोन मिनिटं घेणाऱ्या सहा-दोन काकू. भाऊ अजून एकही शर्यत धावला नव्हता, म्हणून त्याची नोंद 'अंदाजे' अशी झाली. ("अंदाजे, बाटल्या भरून ठेवा!" ही हाक प्रथम ऐकली तेव्हा मला वाटलं, बाटल्या मोजायच्या नाहीत.)

नियमावलीतला सातवा नियम मला सर्वांत आवडतो. दुखण्यावर सल्ला देण्याचा हक्क फक्त दुखणाऱ्यापेक्षा वेगवान माणसाला राहील. नाहीतर कुणीही जाणकार उठून बोलू लागायचा.

तिसऱ्या महिन्यात भावाचा उजवा गुडघा गेला. 'अंदाजे' सर्वांत हळू असल्याने एकेचाळीस जणांना हक्क प्राप्त झाला आणि चाळीस जणांनी तो तिथल्या तिथे बजावला. बर्फ लावावा (पंधरा). शेक द्यावा (चौदा). दोन्ही एकाच वेळी करावं (पाच). पट्टी बांधावी (तीन). पट्टीला हातही लावू नये (दोन). उजवा गुडघा डावाच आहे असं समजून धावावं (सव्वाचार). साडेतीनसाहेबांनी मात्र आपला उपाय राखून ठेवला. मोठी माणसं घाई करत नाहीत.

भावाने पाच दिवस हे सगळं केलं. सहाव्या दिवशी चढणावरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तो पायरीवरच बसला. चौथ्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या, त्यांनी आपलं पत्र स्वतः नेलं आणि त्याला पाणी दिलं. गोष्ट पोस्टमास्तरांच्या कानावर गेली. त्यांनी कागद काढला. शिल्लक रजा बारा दिवस. तेराव्या दिवशी पिशवीसह पूर्ण फेरी करून दाखवायची, नाहीतर फेरी दुसऱ्याला आणि याला कायमचं आतल्या खोलीत शिक्के मारायला बसवायचं. भावाचा त्या फेरीवर जीव. कोण आजारी आहे, कुणाचा मुलगा लिहीत नाही, सगळं त्याला पाठ. त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

"एकोणीस वर्षं गुडघा कुठे असतो हे माहीत नव्हतं यांना," भावजय मला म्हणाली. "आता बघा, उशीवर ठेवलाय, पाहुण्यासारखा! दादा, तुम्ही बोला की काहीतरी."

बोलण्यासारखं माझ्याकडे होतं. मी चाळीस वर्षं बूट-चपला दुरुस्त करतो. भावाचे बूट उलटे केले तर उजवी टाच एका अंगाने अर्धं बोट झिजलेली. मी मंडळात जाऊन तसं सांगितलं.

"काका, आपली वेळ?" साडेतीनसाहेबांनी नम्रपणे विचारलं.

"मी धावत नाही."

"मग नोंद कशी करायची हो?" त्यांना खरोखर वाईट वाटलं.

भावजय नवऱ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोबत मंडळातर्फे सव्वाचार. डॉक्टरांनी गुडघा दाबला, वाकवला आणि सांगितलं, "काही करू नका. बारा दिवस घरी बसा."

"डॉक्टर, आपली वेळ?" सव्वाचारांनी विचारलं.

"सकाळी दहा ते एक, संध्याकाळी पाच ते आठ."

एकूण सहा तास. सहा-दोन काकूंपेक्षा दोन मिनिटांनी सरस. सल्ला दाखल झाला.

भाऊ घरी बसला. भावजयीने त्याचे बूट माझ्याकडे आणून टाकले. मी गुपचूप टाच सारखी केली. दहाव्या दिवशी साडेतीनसाहेब स्वतः घरी आले आणि त्यांनी राखीव उपाय जाहीर केला. उलटं धावायचं. मी टाच सारखी केलेले बूट घालून भाऊ अंगणात चाळीस पावलं मागे मागे धावला आणि पाण्याच्या पिंपावर आपटला.

तेराव्या दिवशी त्याने सतराही इमारती केल्या. पोस्टमास्तर मागोमाग होते. ते बाराव्या इमारतीत बसले. फेरी वाचली. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी या वेळी दारातच पत्र घेतलं आणि म्हणाल्या, "आलास? बरं झालं. तो दुसरा कुणी आला असता तर मी दार उघडलं नसतं."

सध्या मंडळाचे बेचाळीसही सभासद पहाटे उलटे धावतात. गुडघ्यांच्या तक्रारी साठ टक्क्यांनी घटल्या आहेत. कोपरांसाठी वेगळी वही घातली आहे.

आता खरा उपाय टाचेचा होता, हे तुम्ही केव्हाच ओळखलं असेल. मंडळाला हसताना तुम्ही माझ्या बाजूने मानही डोलावली असेल. डॉक्टर मात्र ठामपणे म्हणतात की तो बारा दिवस बसला म्हणून बरा झाला, आणि तो बसला होता हे खरंच आहे. मला स्वतःला नक्की सांगता येणार नाही. तुम्ही मात्र माझ्यावर विश्वास ठेवून मोकळे झालात, माझी वेळसुद्धा विचारली नाहीत. मंडळ निदान तेवढं तरी विचारतं.