ओलं हाय, पाणी न्हाई

साळवेकाका बाटलीतलं पाणी सरळ कधी पीत नसत. झाकण उघडून आधी वास घेत, एक घोट तोंडात घोळवत, डोळे मिटत आणि मग निकाल देत. "ओलं हाय, पाणी न्हाई."

युसूफ वडगावजवळच्या आमच्या गावात दूध संस्था होती. काका तिचे सचिव, मी कारकून. त्या वर्षीच्या दुष्काळात विहिरी, बोअर सगळं आटलं. टँकरचं पाणी गढूळ यायचं, म्हणून ज्याला जमेल तो जार नाहीतर बाटल्या आणायचा. काकांनी तर तालुक्यात मिळणारी प्रत्येक बाटली चाखून पाहिली होती. मशिनीतून फार गाळलेलं पाणी त्यांच्या लेखी 'लई शिकलेलं'. पाउचला ते पाण्यात धरतच नसत.

या नादानं संस्थेच्या सभेत मात्र घात केला. चारा आलेला नव्हता, सभासद तापलेले. तशात अध्यक्षांनी टेबलावर थंडगार बाटल्या मांडल्या. काका अहवाल वाचायला उठले, घसा ओला करायला घोट घेतला आणि सवयीनं माईकसमोरच निकाल देऊन बसले.

मागून एक म्हातारा सभासद उभा राहिला. "साळवे, आमच्या म्हशींला तर ओलंबी न्हाई."

मग खुर्च्या सरकल्या, माणसं टेबलापर्यंत आली. अध्यक्षांचा चेहरा बघून काकांची नोकरी जाते की काय असं मला वाटलं. काकांनी हात जोडून माफी मागितली आणि चारा कुठं अडकलाय ते अध्यक्षांची भीड न ठेवता सांगून टाकलं. तेव्हा कुठं माणसं मागं हटली.

पण सभा लांबली आणि काकांची एसटी चुकली. काकू अंबाजोगाईच्या दवाखान्यात होत्या, भेटायची वेळ टळत आलेली. मी मोटरसायकल काढली. तर हा माणूस वाटेतल्या दर दुकानापाशी थांबायला लावी. बाटली फोडायची, चाखायची, मान हलवायची. एक दुकानदार वैतागला, मीही चिडलो. काकूंना भेटायचंय का पाणी प्यायचंय, असं तोंडावर विचारलं. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि मागं बसले.

दवाखान्यासमोरच्या टपरीवर कुठल्याशा गावठी कंपनीची बाटली होती. तो घोट त्यांनी बराच वेळ तोंडात धरला. "ही घे," म्हणाले आणि चक्क पळत सुटले.

वॉर्डाचं दार बंद होत होतं. विनवण्या करून आत शिरलो. काकूंच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. डॉक्टरांनी पाणी अगदी मोजकं सांगितलेलं, ते मला तिथं कळलं. काकांनी छोट्या पेल्यात बेतानं ओतलं. काकूंनी जिभेवर ठेवत ठेवत संपवलं.

"दिंद्रुडच्या आमच्या हिरीवानी लागतंय," त्या म्हणाल्या. दिंद्रुड त्यांचं माहेर. मग बाटली काकांकडं सरकवली. "तुमी बी घ्या. उन्हातनं आलाव."

काकांनी तहान नाही म्हणून सांगितलं. जरा वेळानं डॉक्टरांना विचारून येतो म्हणत उठले.

ते येईनात म्हणून मी बाहेर गेलो. व्हरांड्याच्या टोकाला माठ होता. काका भिंतीकडं तोंड करून घटाघटा पाणी पीत होते. सदरा भिजला होता. मला बघून त्यांनी पेला खाली ठेवला.

"तिच्या म्होरं गिळवत न्हाई रे," ते म्हणाले.