बावन्न मिनिटांचा अल्बम

गुरुवारी संध्याकाळी चष्मेवाला दुकान बंद करून घरी आला, तेव्हा पार्सल दाराला टेकवून ठेवलेलं होतं. त्याने ते उघडलं, आतल्या दोन रेकॉर्डी टेबलावर ठेवल्या, फोन बंद करून कपाटात टाकला आणि कपाटाला कडी घातली. स्वतःचाच फोन स्वतःपासून कडीबंद करणारा माणूस एकटा राहत असणार, हे वेगळं सांगायला नको.

त्या बँडचं नाव सांगण्यात अर्थ नाही. ज्यांना तो माहीत आहे ते लगेच भांडायला उभे राहतील आणि ज्यांना माहीत नाही ते आजवर सुखात आहेत, त्यांना कशाला छळा. त्यांचं एकेक गाणं तेरा-चौदा मिनिटं चालतं. पाचाच्या ठेक्यात सुरू होतं, मध्येच सातात शिरतं, आणि संपलं म्हणून उठावं तर पुन्हा सुरू होतं. असल्या बँडला चाहते थोडे मिळतात, पण मिळतात ते मरेपर्यंत सोडत नाहीत.

चष्मेवाला त्यातलाच. तो, एक दातांचा डॉक्टर, एक गणिताचे मास्तर आणि एक लिफ्ट दुरुस्त करणारा, असं चौघांचं टोळकं होतं. पंचवीस वर्षं नवा अल्बम आला की चौघं चष्मेवाल्याच्या घरी जमत. नियम दोनच. आधी ऐकायचं, मग वाचायचं. आणि अल्बम चालू असेपर्यंत अळीमिळी गुपचिळी. संपला की मात्र शेजारी दार वाजवेपर्यंत भांडायचं.

शेवटचं भांडण सहा वर्षांपूर्वी झालं. त्यानंतर डॉक्टरने दुसरा दवाखाना टाकला, मास्तरांच्या शिकवण्या वाढल्या, लिफ्टवाला गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. चष्मेवाल्याची बायको वर्षभरात घर सोडून गेली. तिच्या जाण्याचा बँडशी काही संबंध नाही, असं चष्मेवाला न विचारता सांगत असे. टोळक्याचा आता फोनवर ग्रुप झाला होता आणि त्यावर वाढदिवसाचे केक फिरत.

मधल्या काळात बँडच्या जुन्या गायकाचा गळा गेला आणि त्याने गाणं सोडलं. नवा गायक येणार, नवा अल्बम येणार, असं ऐकल्यापासून चष्मेवाल्याने सहा महिने एक बातमी वाचली नव्हती की एक फोटो पाहिला नव्हता. ग्रुपवर मात्र लिहिलं होतं, "या वेळी माझ्याकडे जमायचं ना?" डॉक्टरने अंगठा दाखवला, मास्तरांनी "बघू" लिहिलं, लिफ्टवाला काहीच बोलला नाही. आणि अल्बम आला त्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या फोनवर ऐकून टाकला.

चष्मेवाल्याने दिवा मालवला आणि पहिली रेकॉर्ड लावली. ढोल वाजू लागले, ते ओझं घेऊन जिना चढणाऱ्या माणसाच्या पावलांसारखे. मग गायक आला. खोल, जड आवाज. एकेक शब्द असा रेंगाळत सोडत होता की पुढचा शब्द येईल की नाही याची काळजी वाटावी. हा माणूस आपल्याला ओळखतो, असं चष्मेवाल्याला वाटलं. चौथी बाजू संपली तेव्हा तो रडत होता आणि त्याला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

त्याने कपाट उघडून फोन काढला आणि नियमाप्रमाणे इतरांचं काही न वाचता आधी स्वतःचं मत लिहिलं. चारशे शब्द झाले. "हा गडी गात नाही," त्याने शेवटी लिहिलं, "रिकाम्या घरात स्वतःशी बोलतोय." ते पाठवलं आणि मग वरचे त्रेसष्ट मेसेज वाचायला घेतले.

डॉक्टरने लिहिलं होतं की बाईचा आवाज गोड आहे, पण आपल्या बँडला बाई हवीच कशाला. मास्तरांचं म्हणणं, कानामागून आली आणि तिखट झाली. लिफ्टवाल्याने फक्त "मला आवडली" एवढंच लिहिलं होतं.

कोण बाई? चष्मेवाल्याने पुन्हा वाचलं. तिघंही बाईबद्दलच बोलत होते. त्याला तिघांची कीव आली. त्याने लिहिलं, "तुम्ही भलताच अल्बम ऐकलाय."

झालं. डॉक्टरने नव्या गायिकेचा फोटो टाकला. चष्मेवाल्याने उत्तर दिलं की फोटो कोणाचाही टाकता येतो. मास्तरांनी मुलाखत टाकली. चष्मेवाला म्हणाला, मुलाखती वाचून गाणं ऐकणाऱ्यांतला मी नाही. शुक्रवारभर हेच चाललं. डॉक्टर म्हणे पेशंटला आ करून ठेवून टाइप करत होता. इकडे चष्मेवाला एका गिऱ्हाईक बाईंच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "पहिलं बरं की दुसरं?" विचारत होता, आणि दोन्ही सारखंच दिसतंय म्हणून बाई कुरकुरत होत्या. दिसणारच. उत्तर लिहिण्याच्या नादात त्याने काच बदललीच नव्हती.

शनिवारी सकाळी डॉक्टरचा फोन आला. मेसेज नाही, चक्क फोन.

"हे बघ, तू काय ऐकतोयस ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय," डॉक्टर म्हणाला. "उद्या चारला आम्ही तिघं येतोय. बाई निघाली, तर ग्रुपवर माफी मागायची."

"या की," चष्मेवाला म्हणाला.

त्याने फोन ठेवला. आर्जवं करून जी माणसं आली नाहीत, ती भांडायला येत होती. घरात सहा वर्षांत मीटर बघणाऱ्याखेरीज बाहेरच्या कोणी पाऊल ठेवलं नव्हतं. बसता येईल अशी खुर्ची एकच उरली होती, बाकीच्यांवर वर्तमानपत्रं बसत. त्याने ती सगळी रद्दीत काढली. एक खुर्ची मोडकी निघाली, म्हणून खालच्या काकूंकडून दोन मागून आणल्या. नवे कप आणले. फरशी दोनदा पुसली. दाढी तीनदा केली असती, पण एकदा केल्यावर काही उरत नाही.

रविवारी अकराच्या सुमारास तो चष्म्याच्या फडक्याने रेकॉर्डवरची धूळ पुसत होता. मधल्या गोल कागदावर काहीतरी बारीक छापलेलं दिसलं. दुकानात रोज लोकांकडून सर्वांत खालची ओळ वाचून घेणाऱ्या या माणसाने तीन दिवसांत ही ओळ वाचली नव्हती. त्याने भिंग लावलं. मिनिटाला पंचेचाळीस फेरे, असं तिथे लिहिलं होतं. त्याच्या रेकॉर्ड प्लेअरचा वेगाचा खटका तेहेतीसवर होता. अकरा वर्षं तो तिथेच होता, कारण घरातल्या बाकी सगळ्या रेकॉर्डी तेहेतीसच्या.

त्याने खटका पंचेचाळीसवर नेला आणि सुई टेकवली. बाईच होती. सकाळी खिडकी उघडून कामाला लागलेल्या माणसासारखी प्रसन्न, चटपटीत गात होती. तिचं घर रिकामं वगैरे काही नव्हतं. उलट घरात बरीच माणसं असावीत.

चष्मेवाल्याने सुई उचलून ठेवली. तोंडघशी पडल्याचं त्याला तितकंसं वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की तो जड आवाजाचा गडी जगात कुठेच नव्हता. जो एकटाच त्याला ओळखत होता, तो त्याच्याच यंत्राने तयार केला होता.

त्याने फोन उचलून लिहिलं, "माफ करा. चूक माझी. रेकॉर्ड हळू लावली होती. बाईच आहे." अंगठा पाठवायच्या खुणेवर नेला. हे गेलं, की डॉक्टर हसरे चेहरे पाठवणार, मास्तर गणित समजावणार, आणि चार वाजता कोणीही येणार नाही. भांडण मिटल्यावर कोण कशाला येतो? त्याने मांडलेल्या चार खुर्च्यांकडे पाहिलं. मग अक्षर न् अक्षर पुसलं आणि खटका परत तेहेतीसवर नेला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चारला तिघं आले. डॉक्टरचं पोट सुटलं होतं, मास्तरांचे केस गेले होते. लिफ्टवाला चार मजले चढून आला, कारण सुट्टीच्या दिवशी तो लिफ्टमध्ये पाय ठेवत नसे. कोणी कोणाला कसा आहेस विचारलं नाही. डॉक्टर म्हणाला, "लाव."

चष्मेवाल्याने लावलं आणि मान खाली घालून बसला. आता हसतील, मग हसतील, म्हणून वाट पाहत राहिला. कोणी हसलं नाही. गायक रेंगाळत, जडपणे गात होता. तीनदा उठून त्याने बाजू बदलली, पण नियम कोणी मोडला नाही. मास्तर तेवढे सारखे घड्याळ बघून हातावर काहीतरी लिहीत होते. लिफ्टवाला डोळे मिटून बसला होता.

संपल्यावर चष्मेवाल्याने सुई उचलली. मग डॉक्टरने घसा साफ केला. "पुरुष आहे," तो म्हणाला. "आणि आपल्या जुन्या माणसापेक्षा काकणभर सरस आहे. मी माफी मागतो."

"अरे, त्याचं काय झालं..." चष्मेवाल्याने सुरुवात केली.

"थांब," मास्तरांनी हात वर केला. त्या हातावर आकडे होते. "पहिलं गाणं फोनवर तेरा मिनिटांचं आहे, इथे साडेसतरा. शेवटचं तिथे चौदा, इथे जवळजवळ एकोणीस. प्रत्येक गाणं बरोब्बर एकाच प्रमाणात वाढलंय. सगळा अल्बम बावन्न मिनिटांचा, तो इथे सत्तर मिनिटं चाललाय. हा योगायोग असूच शकत नाही."

"मग काय आहे?" डॉक्टरने विचारलं.

"दोन अल्बम आहेत. फोनवर ऐकणाऱ्या गर्दीसाठी बाई. आणि रेकॉर्ड लावून ऐकणाऱ्या, कळणाऱ्या लोकांसाठी हा."

दुसऱ्या कुठल्याही बँडच्या चाहत्यांनी याला वेड्यात काढलं असतं. पण या बँडने काहीही केलं असतं, यावर चौघांचा पंचवीस वर्षांचा विश्वास होता. आपण कळणाऱ्या लोकांत आहोत म्हटल्यावर डॉक्टरही खुलला. मग दोघं त्या प्रमाणाच्या अर्थावरून भांडले. चष्मेवाल्याने आणखी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा विचारला. सात वाजता डॉक्टरला घरून फोन आला, तेव्हा तो आणि मास्तर जिन्यातूनही भांडत खाली गेले.

लिफ्टवाला मागे राहिला. काकूंच्या खुर्च्या खाली पोचवतो म्हणाला. पण खुर्ची न उचलता तो रेकॉर्ड प्लेअरपाशी जाऊन उभा राहिला.

"मोटर हळू चालतेय तुझी," तो म्हणाला.

चष्मेवाल्याने सुटकेचा श्वास सोडला. "कधी कळलं?"

"तुझा मेसेज वाचला तेव्हा शंका आली. इथे पहिल्या मिनिटात खात्री झाली. दिवसभर मोटरीच ऐकतो मी."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू खटका फिरवला असतास. बावन्न मिनिटांत सगळं संपलं असतं." लिफ्टवाल्याने रेकॉर्ड पाकिटात सरकवली. "मला घरी जायची घाई नव्हती. घरी कोणी नाहीये आता. मार्चपासून. ग्रुपवर कसं लिहायचं ते समजलं नाही."

चष्मेवाला चहाचं आधण ठेवायला आत गेला. परत आला तेव्हा लिफ्टवाला खुर्चीत बसला होता.

"त्या दोघांना सांगायला हवं रे," चष्मेवाला म्हणाला. "मास्तर उगाच जगभर लिहीत सुटतील."

"नाही लिहिणार. त्याआधी नीट मोजायचंय त्यांना. पुढच्या रविवारी चांगलं घड्याळ घेऊन येणार आहेत, डॉक्टरपण येतोय. तू आत चहा करत होतास तेव्हा ठरलं." लिफ्टवाल्याने पाय लांब केले. "तोवर खटक्याला हात लावू नकोस."

"आणि मग सांगायचं?"

"सांगू की," लिफ्टवाला म्हणाला. "पण एका रविवारात मोजून होईल असं मला वाटत नाही."