मफलरचा खड्डा

बालमित्रांनो, जरा कल्पना करा. डोळे मिटून करा असं सांगणार होतो, पण मग वाचणार कसे? तर उघड्या डोळ्यांनीच करा. तुमच्या घरापुढे फुलझाडांचा एक वाफा आहे. फार मोठा नाही, एक चटई पसरावी एवढा. त्यात तुम्ही झिनियाचं बी पेरलंय. सकाळी उठून बघता तर इवली इवली रोपं हिरव्या टोप्या घालून मातीतून डोकं वर काढताहेत! तुम्ही आनंदाने खाली वाकता. आणि वाकल्यावर जे आधी नाकाला कळतं, ते मग डोळ्यांना दिसतं. मधोमध उकरलेला खड्डा, आडवी झालेली रोपं, आणि खड्ड्यात... असो. तुम्ही सुज्ञ आहात.

आमच्या घरी हे रोज घडत होतं. वाफा आजीचा, म्हणजे माझ्या बायकोचा. खड्डा मफलरचा.

मफलर हा आमच्या नातीचा बोका. राखाडी, लांबुळका, आणि कुणी बसलेलं दिसलं की त्याच्या गळ्याभोवती जाऊन पडणारा. गेल्या थंडीत नातीला ताप आला होता, तेव्हा तो कुठून तरी आला, तिच्या गळ्याशी झोपला आणि तिथेच राहिला. ताप गेला, मफलर गेला नाही. तिचे आईबाबा दिवसभर कामावर. ती दिवसभर आमच्याकडे, आणि तो दिवसभर तिच्या गळ्यात.

"हे बघा," एका सकाळी आजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एक तर माझी रोपं राहतील, नाही तर तो बोका. रविवारी हिचा मामा येतोय. त्याच्या गोदामात उंदरांनी उच्छाद मांडलाय. घेऊन जाऊ दे त्याला."

नातीने दोन्ही हातांनी मफलर गळ्याशी आवळला, थंडी नसताना.

आता मला सांगा, अशा वेळी मी गप्प बसेन? मी छाती पुढे काढली.

"अगं, उभा जन्म मी पहिलीच्या वर्गाला शिकवलं! पाटी चाटणाऱ्या पोरांना पाटीवर लिहायला शिकवलं! बाकाखाली लपणाऱ्यांना फळ्यापुढे उभं केलं! एका बोक्याची काय कथा? रविवारच्या आत शिकवतो त्याला!"

"तुम्ही?" आजी म्हणाली. "चपला जागेवर ठेवायला तुम्ही स्वतः अजून शिकला नाहीत!"

हे मी ऐकलं नाही. शिक्षकाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

धडा पहिला, मिरपूड. मांजराला तिखट वास सोसत नाही, असं मी कुठेसं वाचलं होतं. आधी मी खड्डा साफ केला. घाण काढून टाकली, खुरप्याने माती उकरली, ढेकळं फोडली, वरून हात फिरवला. नवा धडा सुरू करायचा तर पाटी कोरी हवी, हा माझा नियम! मग मिरपुडीचा अख्खा डबा वाफ्यावर भुरभुरला.

नेमका तेव्हाच वारा सुटला.

आमच्या कुंपणाला लागूनच दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, आणि त्याची खिडकी वाफ्यावर उघडते. आत खुर्चीवर एक गृहस्थ आ वासून बसले होते. पहिली शिंक माझी. दुसरी आजीची. तिसरी खिडकीतून आली, आणि तिच्या पाठोपाठ एक किंकाळी!

"आजोबा!" डॉक्टरीणबाई एक बोट दुसऱ्या हातात धरून खिडकीत आल्या. "माझं बोट पेशंटच्या तोंडात होतं हो!"

"अरेरे! चावले का?"

"करकचून! आणि वर म्हणतात, चावल्यावर जरा बरं वाटलं!"

मफलर भिंतीवर बसून हे सगळं शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा बघत होता. न शिंकलेला तोच एकटा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यात मधोमध खड्डा!

धडा दुसरा, काटे. मी पुन्हा माती उकरली, ढेकळं फोडली, हात फिरवला. मग घरातले झाडून सगळे जेवणाचे काटे दात वर करून मातीत रोवले. काटे संपले तेव्हा चमचे रोवले. वाफा अगदी साळिंदरासारखा दिसायला लागला. आता बस म्हणावं!

दुपारी आजी कप हातात घेऊन बाहेर आली. "चहा ढवळायला घरात एक चमचा नाही! काय प्रकार आ..." तेवढ्यात तिची नजर वाफ्यावर गेली. "हे काय पेरलंत?"

"काटे."

"आणि उगवणार काय? सुऱ्या?"

नात खुदकन हसली. रविवारची गोष्ट निघाल्यापासून पहिल्यांदाच हसली. त्या हसण्यासाठी मी ते काटे जन्मभर तिथे ठेवले असते, चहा बोटाने ढवळला असता. पण आजीने एकेक काटा उपटून घासायला टाकला. उपटताना माती अशी वरखाली झाली की मला पुन्हा बसून ती सारखी करावी लागली. छान केली! संध्याकाळी मधोमध खड्डा!

धडा तिसरा, पाण्याची नळी. मी झुडपामागे दबा धरून बसलो. गुडघे कुरकुरत होते, पण शिक्षणासाठी सोसावं लागतं. मफलर आला. शेपटी उंच धरून, घरचाच कार्यक्रम असल्यासारखा निवांत आला. मी नळ सोडला आणि नेम धरला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि टुणकन उडी मारून दवाखान्याच्या खिडकीत जाऊन बसला. मी नळी त्याच्यामागे फिरवली. विद्यार्थ्यावरची नजर ढळू द्यायची नसते! मफलरने डोकं खाली घातलं. पाण्याने घातलं नाही.

आत तेच गृहस्थ बसले होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांना नुकतंच सांगितलं होतं, "आता चूळ भरा."

भरली त्यांनी!

त्यांचा शर्ट आमच्या दोरीवर वाळत पडला. ते माझा सदरा घालून, गाल धरून घरी गेले. सदरा त्यांच्या गुडघ्यांपर्यंत येत होता. आजी तडक आत गेली आणि मामाला फोन लावला. "येताना झाकणाची टोपली आण," एवढंच मला बाहेर ऐकू आलं.

नातीलाही ते ऐकू आलं.

मी वाफ्यापाशी बसलो. काय करावं सुचत नव्हतं, म्हणून खुरपं घेतलं आणि माती उकरू लागलो. नात शेजारी येऊन बसली. गळ्यात मफलर होताच.

"आजोबा, तुम्ही काय करताय?"

"वाफा नीट करतोय, बाळ."

"कुणासाठी?"

"आजीच्या रोपांसाठी."

"पण इथे मध्ये रोपंच नाहीत. इथे मफलर जातो."

"म्हणून तर!"

"तुम्ही रोज त्याला माती मऊ करून देता," ती हळूच म्हणाली. "तो भिंतीवर बसून वाट बघतो. तुमचं झालं की मग जातो. ढेकळं असतात ना, तिकडे तो पायसुद्धा ठेवत नाही."

माझं खुरपं हवेतच राहिलं. मी वाफ्याकडे बघितलं. माती कशी, दोनदा चाळल्यासारखी! मलाच तिच्यावर झोपावंसं वाटलं.

"त्याला वाटत असेल," नात म्हणाली, "आजोबा किती चांगले आहेत."

"अगं, मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शिकवत होतात ना. शिकवताना मध्ये बोलायचं नसतं."

मुलांनो, यावरचं उत्तर तुम्हाला सुचलं तर मलाही कळवा.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. बाई ती, हाताखालचा गडी मी! अंगणातले गोटे वेचून तिने रोपांच्या मधल्या मोकळ्या मातीवर चिकटून चिकटून मांडले. मला पाण्याच्या टाकीमागची जागा खणायला लावली. "अजून मऊ... अजून, आजोबा!" वाफ्यातली त्याच्या वासाची थोडी माती तिने नाक दाबून टाकीमागे नेऊन टाकली. "नाही तर त्याला कळणार कसं?" आणि वाफ्यात आडवी पडलेली रोपं तिने एकेक करून उभी केली, काडीचा टेकू देऊन. आजी खिडकीतून बघत होती. मी वर पाहिल्यावर ती पडदा सारखा करू लागली.

रविवारी सकाळी मामा टोपली घेऊन हजर झाला. "चला, कुठे आहे आमचा नवा नोकर?"

नवा नोकर नुकताच पोटभर दूध पिऊन अंगणात आला होता. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. मफलर सरळ वाफ्याकडे गेला. गोट्यावर एक पाय ठेवला, उचलला, झटकला. आणि माझ्याकडे असं पाहिलं! तुमच्या लाडक्या शिक्षकांनी अचानक गणिताचा पेपर काढला तर तुम्ही बघाल, तसं. मग माती हुंगत हुंगत तो टाकीमागे गेला. गोल फिरला. आम्ही सगळे मान लांब करून त्याच्या मागे! तो थांबला. आमच्याकडे बघत नुसता बसून राहिला.

"नाही जमत वाटतं," म्हणत मामाने टोपलीचं झाकण उघडलं.

"थांब, मामा!" नात ओरडली. "सगळे बघताय म्हणून! तो लाजतो! वळा सगळे! तिकडे तोंड करा!"

आणि आम्ही वळलो. मी वळलो, आजी वळली, मामा टोपलीसकट वळला. पलीकडच्या खिडकीत डॉक्टरीणबाई आणि ते गृहस्थ कधीचे येऊन उभे होते. गृहस्थांनी या वेळी छत्री आणली होती. तेही दोघं मुकाट्याने पाठ करून उभे राहिले. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे! कुणी खोकलंसुद्धा नाही. मला शेजारी आजीचा श्वास ऐकू येत होता. तिने माझा हात धरला होता, चांगला घट्ट.

मग मागून आवाज आला. खर्र... खर्र... खर्र... माती लोटल्याचा.

"झालं!" नात कुजबुजली. "वळा आता."

आजीने डोळ्यांना पदर लावला आणि मामावर ओरडली, "उभा काय राहिलास? ठेव ती टोपली! उंदरांसाठी पिंजरा घे की एखादा!"

नातीने मफलरला उचलून गळ्यात घातलं. मला वाटलं, आता ही धावत येऊन मला मिठी मारणार. मी हात पसरले. ती आली खरी. पसरलेल्या हातात तिने खुरपं ठेवलं आणि म्हणाली, "आजोबा, आता उद्यासाठी करून ठेवा. आणि बारीक करा हं, त्याला ढेकळं चालत नाहीत."