अंगडी घातलेली फुलं

पटलेकाकूंच्या गच्चीवर फुलांना अंगडी घातलेली असायची. आणि ती अंगडी मीच शिवली होती.

मी सांगोल्याकडची, नववीतून शाळा सोडलेली. शाळेचे गणवेश शिवायच्या कामाला राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, फुलचूरला आले, तेव्हा तीन घरांनी एकट्या बाईला खोली द्यायला नको म्हटलं. काकूंनी दिली. ते उपकार मी विसरायची नाही. पण काकूंचा माझ्यावर विश्वास नव्हता. तसा तो कुणावरच नव्हता म्हणा. पोस्टमन आला, की त्या आधी त्यालाच त्याचं नाव विचारायच्या. चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "मले सब दिसते."

या थंडीत त्यांनी रंगाच्या सहा रिकाम्या बादल्यांना बुडाला भोकं पाडली, मातीत शेणखत आणि धानाचं तूस कालवलं आणि झुकिनी लावली. बी कुठल्याशा कृषी प्रदर्शनातलं. काकू तिला विलायती कोहळं म्हणायच्या. ते न पसरता बादलीतच बसून राहायचं, याचाही त्यांना संशय.

"कोहळं हाय तं चढत काऊन नाही?"

मग मोठाली पिवळी फुलं आली. कोहळ्याच्या फुलांची भजी गल्लीत सगळ्यांनाच आवडतात, म्हणजे गल्लीतला प्रत्येक माणूस चोर.

"पोरी, चिंध्या हायेत ना तुह्याजवळ? पिशव्या शिव. कळी दिसली का बांधून टाकू."

खोली दिल्याची थोडी फेड होईल म्हणून मी गणवेशाच्या पांढऱ्या कापडाच्या बावीस पिशव्या शिवल्या. नाडीवाल्या.

त्यानंतर फळं गळायला लागली. बोटाएवढी व्हायची, पिवळी पडायची, की गळाली. पिशवी बांधलेली, नाडीची गाठ जागच्या जागी, आणि आत फळ मेलेलं. गच्चीला लागून खोली माझीच.

"आनखी एक गळलं तं खोली खाली करजो," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी मशीनवर बसले आणि एकदम लक्षात आलं. पिशवीत मधमाशी जाणार कुठून? सांगावं तर काकूंची चूक काढल्यासारखं, आणि पिशव्या तर माझ्याच हातच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू अंगणात सडा टाकत होत्या. मी हळूच गच्चीवर गेले, दोन पिशव्या सोडल्या, नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि त्याचा दांडा मादी फुलात फिरवला.

"तोडलं! का करून राहिली व?" मागे काकू. हातात सड्याची बादली.

"काकू, हे नर फूल. ह्याला फळ धरत नाही. ह्याचे पराग त्या फुलाला लावावे लागतात. माशी येत नाही ना, म्हणून."

"फुलात नर-मादी? कोनं सांगतलं तुले?"

"आईनं. भोपळ्याला असंच करायची."

"नववी नापास ना तू?"

"नापास नाही काकू, सोडली."

"तेच तं." त्यांनी फुलाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "सात दिवस देतो तुले."

पिशव्या निघाल्या. त्यांच्या जागी काकूच खुर्ची टाकून बसल्या. मधमाशी आली, की ती कोणाच्या घरून आली असेल, अशा नजरेनं बघायच्या. माझं मात्र आठवडाभर जेवणात लक्ष नव्हतं. कपड्यांची पेटीही भरून ठेवली होती.

सातव्या दिवशी फळ वीतभर झालं. हिरवंगार, घट्ट. काकूंनी ते दोनदा दाबून पाहिलं.

"फोन लाव तुह्या मायले. खरं का खोटं, मले इचारू दे."

मी घाबरतच लावून दिला. काकूंनी भोपळ्याची पूर्ण उलटतपासणी घेतली. मग आई पलीकडून काही विचारू लागली असावी.

"जेवते जी, बराबर जेवते. या आठोड्यातच कमी जेवली... खोकला व्हता, आता नाही."

खोकल्याचं मी काकूंना कधी सांगितलंच नव्हतं.

"मी? मी एकटीच जी. नाही, कोनी येत नाही."

मग काकूंनी माझ्याकडं पाठ केली आणि आवाज खाली आणला.

"उन्हाळ्यात बोलावजा तिले घरी. पण परत पाठवजा जी."