सात कोठ्यांचा मालक

मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही. अकरा वर्षं म्युनिसिपालटीत मेंबर आणि त्यातली चार वर्षं ऑनररी मॅजिस्ट्रेट राहून असं छातीला हात लावून सांगणारा दुसरा माणूस बुऱ्हाणपुरात मिळणार नाही. (मिळालाच तर तो खोटं बोलत असेल.) पुढे जे काही झालं ते मी खरं बोललो म्हणूनच झालं. ते कसं, तेवढंच सांगायचं आहे.

दिल्लीला बादशहांचा दरबार भरला त्या वर्षी आमच्या तहसिलीतही एक धाकटा दरबार भरायचा होता. खांडव्याहून जिल्ह्याचे मोठे साहेब येणार, तसबिरीला सलाम होणार, अत्तर-पान होणार. ज्यांनी दरबार पाहिला नाही त्यांना सांगतो : दरबार म्हणजे एकवीस खुर्च्या आणि एक जाजम. बाकी सगळी शोभा. खुर्ची कोणाला आणि जाजम कोणाला, हे ठरतं हैसियतीवरून; आणि हैसियत म्हणजे माणसाची मालमत्ता, असं सरकारचं मत आहे.

मागल्या दरबारात मी जाजमावर होतो. आमच्याच म्युनिसिपालटीतले, माझ्याच वर्गातून मॅट्रिकला दोनदा नापास झालेले दिगंबरपंत खुर्चीवर होते. जाजमावर बसलेल्याचं नाक आणि खुर्चीवर बसलेल्याचा जोडा बरोब्बर एका पातळीवर येतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यात दिगंबरपंतांना पाय हलवायची सवय. अडीच तास! जबलपूरला राहून बी.ए. केलं त्याचं हे फळ. त्याच दिवशी मी ठरवलं, पुढला दरबार खुर्चीतून पाहीन, नाहीतर मॅजिस्ट्रेटी सोडून कापसाची दलाली करीन.

हैसियतीचे फॉर्म निघाले आणि आठ दिवसांत शहर श्रीमंत झालं. एका मेंबराने सकाळच्या सहा म्हशी आणि संध्याकाळच्या सहा म्हशी मिळून बारा लिहिल्या. दिगंबरपंतांच्या परसात आंब्याची तीन झाडं आहेत. फॉर्मात त्यांचे ‘तीन बाग’ झाले. सगळ्यांचे फॉर्म एकत्र केले तर तालुक्यात असीरगढचा किल्लाच काय तो कोणाच्या नावावर नव्हता, आणि त्यावरही दोघांचा डोळा होता असं म्हणतात.

मी मात्र ठरवलं होतं, आपण खरं तेच सांगायचं.

फॉर्म भरायला तहसिलीचा मुन्शी ओसरीवर येऊन बसला. माणूस कानपूरकडचा, नुकता बदलून आलेला. मराठीचा गंध नाही. नाव, वडिलांचं नाव, हुद्दा झाला. मग त्याने विचारलं, "बाबूजी, कोठी कितनी हैं?"

मी आत तोंड करून कुसुमला विचारलं, "अगं, कोठ्या किती गं आपल्या?"

"सात," कुटुंब आतून म्हणालं. "आठवी तडकली. तिच्यात गोवऱ्या ठेवते."

"सात," मी मुन्शीला सांगितलं.

इथे भाषेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आमच्या घरात कोठी म्हणजे धान्याची कोठी. मातीशेणाची, पुरुषभर उंच. वरून भरायची आणि खालच्या भोकातून काढायची. मुन्शीच्या मुलखात कोठी म्हणजे पुढे बाग आणि दारावर पहारेकरी असलेला बंगला. बुऱ्हाणपुरात दोन्ही भाषा एकाच गल्लीतून ये-जा करतात आणि एरवी एकमेकींना धक्का लागू देत नाहीत.

खुलासा करायला मी तोंड उघडलंही होतं. पण मुन्शी तोवर उठून उभा राहिला होता.

"सात! हुजूर, कच्ची हैं कि पक्की?"

बाबूजीचा हुजूर झालेला ऐकल्यावर उघडलेलं तोंड मिटायला वेळ लागत नाही.

"पक्क्या आहेत ना गं?" मी आत विचारलं.

"न असायला काय झालं? दर दिवाळीला लिंपते मी."

"पक्की," मी म्हणालो.

"खाली हैं कि भरी हुई?"

एवढी हिंदी कुसुमला येत होती. तिने परस्पर सांगून टाकलं, "दोन खाली, पाच भरलेल्या."

भरलेल्यांत कोण, असं मुन्शीने विचारलं. आमची शेती निंबोल्याला. ज्वारी, तूर सगळं तिकडूनच येतं. मी म्हणालो, "सब निंबोला के हैं." मुन्शीने लिहिलं : पाँच किरायेदार परिवार, निवासी निंबोला.

बी.ए.ला मला तर्कशास्त्र होतं. मी सगळी उत्तरं पुन्हा तपासून पाहिली. एकही खोटं नव्हतं. चूक झालीच असेल तर ती भाषांतरात, आणि भाषांतर हे मुन्शीचं काम. सरकार त्याला त्याचाच पगार देतं.

यादी लागली. मला तिसरी खुर्ची, दिगंबरपंतांना बारावी! त्यानंतरचे पंधरा दिवस मी कसा चाललो ते बुऱ्हाणपूरच्या रस्त्यांना विचारा. कोर्टात बसून मोकाट म्हशींच्या मालकांना दंड करताना माझा आवाज आपोआप खाली उतरला. सात कोठ्यांच्या मालकाला ओरडावं लागत नाही. दिगंबरपंतांनी एकदा वाटेत गाठलंच.

"वामनराव, कोठ्या आहेत तरी कुठे? आम्हांला कधी दिसल्या नाहीत."

"एका ओळीत आहेत," मी म्हणालो. हेही खरंच होतं.

मग तहसीलदारांचं पत्र आलं. डाकबंगल्याचं छप्पर दुरुस्तीला उतरवलं असल्याने साहेब, मेमसाहेब आणि दोन कुत्रे यांची उतरण्याची सोय माझ्याकडे केली आहे. तरी दोन खाली कोठ्यांपैकी जी मोठी असेल ती झाडून ठेवावी.

मी मोठी कोठी डोळ्यांपुढे आणली. मेमसाहेब उभ्या राहिल्या असत्या. साहेबांना वाकावं लागलं असतं. कुत्रे खालच्या भोकातून गेले असते. बाकीच्यांना मात्र वरून उडी घ्यावी लागली असती.

दरबाराला सहा दिवस होते. सहा दिवस कोणी कोठीकडे फिरकलं नाही की खुर्ची माझी. मी उलटटपाली कळवलं की मोठीचं लिंपण चालू आहे. (चालूच होतं. कुसुमचे हात कोपरापर्यंत शेणात होते.) उत्तर आलं, मग धाकटी चालेल. आता धाकटीला काय कारण द्यावं? विचार करता करता मला एक अगदी खरं कारण सापडलं. मी लिहिलं : ‘धाकटीत परवाच एक मेलेला उंदीर निघाला. अशा ठिकाणी साहेबांना उतरवणं बरं दिसणार नाही.’

चिठ्ठी पाठवून मी स्वस्थपणे पान खाल्लं.

ते दिवस प्लेगचे होते, हे मी पान अर्धं चावून झाल्यावर आठवलं. मेलेला उंदीर निघाला की घर रिकामं करायचं, माणसं गावाबाहेर झोपड्यांत न्यायची, घराला चुना नि औषध मारायचं आणि जरूर पडल्यास पाडायचं, असा म्युनिसिपालटीचा कडक ठराव होता. ठराव मांडणारा मेंबर म्हणून त्यावर सही कोणाची होती ते विचारू नका.

दुसऱ्या सकाळी दारात तहसीलदार, प्लेगचे डॉक्टर, मुन्शी, पहारी घेतलेले बारा मजूर आणि चुन्याची गाडी उभी राहिली. मागे पाच रिकाम्या बैलगाड्या होत्या, पाच किरायेदार कुटुंबांचं सामान हलवायला. आणि प्लेग कमिटीचे मेंबर म्हणून दिगंबरपंत, नवं उपरणं घालून.

मी म्हणालो, आधी चहा घेऊ. चहा झाला. मी म्हणालो, ऊन फार झालंय. थंडीचे दिवस होते. मी म्हणालो, कोठ्या अशा पायी जाण्यासारख्या नाहीत. तेवढ्यात डॉक्टरांनी दारात उभ्या असलेल्या कुसुमला विचारलं, बाई, उंदीर निघाला ती कोठी कुठे आहे?

"आत. या ना," ती म्हणाली.

सगळे आत गेले. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत, एका ओळीत, ताज्या लिंपणाने चकचकणाऱ्या सात कोठ्या उभ्या होत्या. मुन्शीने एकीवर टिचकी मारून पाहिली. डॉक्टर शास्त्रीय माणूस. त्यांनी वाकून खालच्या भोकात हातभर काठी फिरवली.

"अरे!" मुन्शी म्हणाला. "ये तो कुठले हैं!"

कुठला म्हणजे त्यांच्याकडची धान्याची कोठी. कुसुमला वाटलं, दाणे कुठले ते विचारतोय.

"निंबोल्याचे," ती म्हणाली. "ही ज्वारी, ही तूर, हा हरभरा, हे गहू, ही सरकी. ह्या दोन रिकाम्या."

पाचही किरायेदारांची अशी ओळख करून देऊन झाली. मग दिगंबरपंत हसायला लागले. आधी उपरणं तोंडावर धरून, मग उपरणं सोडून, मग कोठीला टेकून.

तहसीलदार हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की फॉर्म खांडव्याला गेला आहे, आणि त्याच्या खाली ‘मौके पर जाकर स्वयं देखा’ असं लिहून त्यांची सही आहे. म्हणजे आता कोठ्या खोट्या ठरल्या तर नोकरी जायची ती त्यांची. मला फार बरं वाटलं. आपल्यापेक्षा मोठा खड्डा पाहिला की माणसाला धीर येतो.

मग ते दिगंबरपंतांकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "पंतजी, निकले ही हैं तो आपके तीनों बाग भी देखते चलें?"

दिगंबरपंतांचं हसू ओल्या फटाक्यासारखं बसलं. पंचनाम्यावर पहिली सही त्यांनीच केली. पंचनामा असा : ‘प्लेग के अंदेशे से सातों कोठियाँ गिरा दी गईं. मालिक ने हर्जाना नहीं माँगा. पाँचों परिवार सकुशल निंबोला लौटे.’

मी सुटकेचा श्वास सोडत होतो, तोच तहसीलदार म्हणाले की सरकारी कागदावर खोटं लिहिणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. आणि त्यांनी मजुरांकडे पाहून मान हलवली.

सात कोठ्या पडायला पाव घटकाही लागली नाही. ज्वारी अंगणात, तूर ओसरीवर, सरकी तुळशीपर्यंत. कुसुमने चौथ्या कोठीपर्यंत पाहिलं. मग तिने मला विचारलं, "तुमच्या खुर्चीला पाय किती हो?"

"चार," मी म्हणालो.

"चार पायांसाठी माझ्या सात कोठ्या."

पुढे दोन दिवस ती सूप घेऊन ज्वारीतून तूर वेगळी करत होती. त्या वेळी वाटलं, निदान खुर्ची तरी आहे.

तिसऱ्या दिवशी मुन्शी सुधारलेली यादी घेऊन आला. कोठी : निरंक. हैसियत : निरंक. आसन : जाजम.

"कोठी ही नहीं रही, बाबूजी," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

त्याच दुपारी निंबोल्याहून आमचा शेती करणारा उखर्डू नव्या कोठ्यांसाठी चिकणमातीची गाडी घेऊन आला. माती उतरवून झाली तरी तो घुटमळत होता.

"मालक, निंबोल्याची पाच घरं तुमच्या कोठीत ऱ्हात होती म्हने. तहसिलीतून परतली का म्हून विचारायला मानूस आल्ता. आम्ही पुरं गाव मोजलं. समदी तं गावातच हायेत. जास्तीची कोन्ती सांगायची?"

मी त्याला चहा पाजला.

दरबाराच्या दिवशी मी जाजमावर मांडी घालून बसलो. साहेबांनी भाषण काढलं. बादशहांचं झालं, पावसापाण्याचं झालं, आणि मग ते म्हणाले की या शहरात असा एक गृहस्थ आहे ज्याने प्लेग पसरू नये म्हणून आपल्या सात कोठ्या डोळ्यांदेखत पाडू दिल्या आणि एक पैसा मागितला नाही. कुठे आहे तो? साहेब खुर्च्यांवरून नजर फिरवू लागले. पहिली रांग, दुसरी रांग. मी जाजमावरून उठलो. पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून मिळेल त्याचा खांदा धरून उठलो. साहेबांना भरून आलं. एवढा मोठा माणूस, आणि जमिनीवर! ते स्वतः पायऱ्या उतरून खाली आले आणि सगळ्या शहरादेखत माझा हात हातात घेतला. एकवीस खुर्च्यांवरचे एकवीस जण अंग चोरून बसले होते.

आता इथेच गोष्ट संपवली असती तर माझी अब्रू राहिली असती. पण मी खोटं बोलत नाही.

पुढल्या वर्षी पुन्हा दरबार, पुन्हा फॉर्म. फॉर्मांवरून पाहिलं तर त्या एका वर्षात बुऱ्हाणपुरात लोकहितासाठी तेहतीस कोठ्या पाडल्या गेल्या होत्या. उभी एकही उरली नव्हती. दिगंबरपंतांनी तर तिन्ही बाग तोडून गरिबांना सरपण वाटलं होतं. दरबाराच्या दिवशी कुसुमने मला अंगणात चिखल तुडवायला लावल्यामुळे पोचायला उशीर झाला. पाहतो तर जाजमावर मुंगीला शिरायला जागा नाही! सगळे शेटजी, सगळे मेंबर, मालगुजार, वकील, एकमेकांच्या मांडीवर मांडी टाकून नम्रपणे बसलेले. सरका म्हटलं तर कोणी सरकेना. तिकडे एकवीस खुर्च्या मोकळ्या.

काय करतो? जाऊन बसलो. तिसऱ्या खुर्चीत.

आणि साहेब आले. हे नवे साहेब. जुने बदलून गेले होते. त्यांनी आधी खचाखच भरलेल्या जाजमाकडे कौतुकाने पाहिलं, मग खुर्च्यांच्या रानात एकट्या बसलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि मुन्शीला विचारलं, हा कोण? जाजमावरचे सगळे कान टवकारून ऐकत होते.

"हुजूर," मुन्शी अदबीने म्हणाला, "बस यही एक हैं जिनके पास कुछ था ही नहीं. इसलिए कुर्सी दे दी."

खरं म्हणजे तोवर घरी तीन नव्या कोठ्या लिंपून तयार होत्या. पण मी काही बोललो नाही.