फेरपरीक्षेचा हक्क

"कायदा आहे माझ्या पिशवीत!" उज्वलानं सातपूरच्या रिक्षावाल्यालासुद्धा ठणकावलं. तो बिचारा फक्त सुटे मागत होता.

तिची चैताली पाचवीत गणितात नापास झाली, आणि वर्गशिक्षिका सहज म्हणाल्या, "बसू दे वर्षभर परत!" वर्ष म्हणजे काय उसवून परत शिवायचा ब्लाऊज आहे? उज्वलानं त्याच दिवशी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार ओळी सुनावल्या आणि ग्रुप सोडला. पोरीला सुट्टीत देवळ्याला मामाकडे धाडलं, शिलाई मशीनवर झाकण घातलं आणि स्वतःच कायदा वाचायला बसली. सापडला! नापास मुलाला दोन महिन्यांत फेरपरीक्षा द्यायलाच हवी, त्याआधी मागं ठेवायचं नाही. त्या ओळीखाली तिनं शिवणाच्या खडूनं जाड रेघ ओढली.

जूनमध्ये चैतालीचा दंड धरून ती शाळेत शिरली.

"आई, ती मुलं बघ, पॅड घेऊन..."

"इकडंतिकडं बघू नकोस! तुझ्या वर्षाचा प्रश्न आहे!"

मुख्याध्यापकांनी "बसा" म्हणायच्या आत तिनं कायद्याची फाईल त्यांच्या टेबलावर आदळली.

"फेरपरीक्षा कुठंय, सर? दोन महिने संपत आले!"

"अहो ताई, तेच सांगतोय..."

"तुम्ही ऐका! गरिबाच्या लेकरांना कायदा नाही का?"

"ताई, फेर..."

"वर जाईन! शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईन!"

शिपाई झुंबर दोनदा डोकावला. दोन्ही वेळा असा परतला, जणू गरम तव्याला हात लागलाय.

पाऊण तासानं उज्वलाला ठसका लागला. झुंबरनं पाणी दिलं, आणि सरांना तेवढाच श्वास मिळाला.

"ताई, फेरपरीक्षा आजच आहे. शेजारच्या वर्गात चालू आहे. आठ दिवस ग्रुपवर टाकतोय!"

उज्वलानं अर्धा ग्लास तसाच खाली ठेवला.

"मी मघाशीच सांगत होते," चैताली म्हणाली.

"मग पळ की!" उज्वला ओरडली.

सरांनी पेन दिलं. पॅड नव्हतं, म्हणून कायद्याचे कागद काढून रिकामी फाईल दिली. चैताली धावली. उज्वला कागद छातीशी धरून पायरीवर बसली, जणू तिचाच पेपर चाललाय.

बारा-साडेबाराला पोर बाहेर आली.

"आई, पास होण्यापुरतं झालं गं. दोन गणितं येत होती, पण वेळच पुरला नाही."

"पुरला नाही म्हणजे? माझ्या लेकीचा वेळ खाल्ला कुणी?" उज्वला ताडकन उठली.

झुंबरनं फक्त पाण्याचा ग्लास पुढं केला.

उज्वलानं तो निमूट रिकामा केला आणि हळूच विचारलं, "सर, मला परत ग्रुपमध्ये घ्याल का?"